परळच्या चाळीतून मांडवीपर्यंत

मे महिन्याच्या मध्यावर मिरजेहून महालक्ष्मी एक्सप्रेस पकडली आणि सकाळी दादरला उतरले. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा नुकतीच संपली होती. पाठीवर सॅक, हातात आईने दिलेला भडंगाचा डबा. पुढचे सहा आठवडे मुंबईत काढायचे होते, गणिती मॉडेलिंगच्या उन्हाळी संशोधन कार्यक्रमासाठी. मुक्काम आत्याकडे, परळच्या बीआयटी चाळीत.

"तिथे काय शिकवतात गं?" पहिल्याच रात्री आत्याने विचारलं.

"शिकवत नाहीत फारसं. प्रश्न देतात."

खरंच तसं होतं. पहिला आठवडा विकल समीकरणं, म्हणजे बदलाचा वेग मांडणारी समीकरणं, आणि पायथॉन या संगणकभाषेची उजळणी, मग चौघाचौघांचे गट आणि प्रत्येक गटाला एक प्रश्न. एका गटाकडे हिंदमाताला साचणारं पावसाचं पाणी आलं, दुसऱ्याकडे लोकलच्या फलाटावरची गर्दी. आमच्या वाट्याला १९२७ सालचा एक शोधनिबंध आला, करमॅक आणि मॅकेंड्रिक यांचा. साथीच्या रोगांच्या गणिताचा तो एक पाया मानला जातो. लोकांचे तीन भाग करायचे: लागण होऊ शकणारे, लागण झालेले आणि साखळीतून बाहेर पडलेले. एका भागातून दुसऱ्या भागात माणसं कोणत्या वेगाने जातात, ते समीकरणात लिहायचं. कोविडमध्ये रोज टीव्हीवर दिसणारे आलेख याच घराण्यातले.

निबंध चाळताना एका आकृतीपाशी थांबले. आकृतीखाली लिहिलं होतं, मुंबई बेटावरचे प्लेगचे मृत्यू, १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६. एडिंबराच्या प्रयोगशाळेत बसून त्यांनी आपलं गणित ताडून पाहिलं ते या शहरावर. आठवड्यागणिक मृत्यूंचे ठिपके, आणि त्यांतून जाणारी घंटेच्या आकाराची सुबक रेघ. सूत्रानुसार सतराव्या आठवड्यात, म्हणजे एप्रिलच्या मध्यावर, शिखर येतं: आठवड्याला ८९० मृत्यू. वक्राखालचं क्षेत्रफळ, म्हणजे एकूण मृत्यू, मी वहीच्या कोपऱ्यात काढलं. ८,९००च्या आसपास आलं. तिसऱ्या भागातले लोक मोजायला मृत्यूंची नोंद कशी चालली, याचंही उत्तर आकृतीखालीच होतं. नोंदलेल्या रुग्णांपैकी निदान ८० ते ९० टक्के दगावत होते. वहीत त्या भागाला मी मराठीत 'वगळलेले' असं नाव दिलं होतं.

पहिल्या रविवारी एकटीच बाहेर पडले. आधी हाफकिन इन्स्टिट्यूट, चाळीपासून चालत जाण्याइतकी जवळ. एकेकाळचा गव्हर्नरचा बंगला. १८९९ मध्ये प्लेगची प्रयोगशाळा तिथे आली. त्याआधी प्लेगची लस शोधणारे जंतुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या तुटपुंज्या जागेत काम करत होते, आणि जानेवारी १८९७ मध्ये त्यांनी लस सर्वात आधी स्वतःला टोचून घेतली. फाटकाबाहेर मी बराच वेळ उभी होते. केईएम आणि टाटाकडे निघालेले लोक, कुणाच्या हातात एक्स-रेची पाकिटं, कुणाच्या हातात जेवणाचे डबे, शेजारून वाहत होते.

मग परळहून स्लो लोकल. भायखळा गेलं, सँडहर्स्ट रोड आलं. हा रस्ता आणि आत्याची चाळ एकाच हाताची कामं. प्लेगनंतर, १८९८ मध्ये, शहराच्या दाटीत हवा-उजेड यावा म्हणून बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. बीआयटीमधली अक्षरं त्याचीच. परळच्या याच चाळींपैकी एक नंबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर बावीस वर्षं राहिले. आत्याकडे मी लहानपणापासून येते, पण त्या नावाचा अर्थ मला या वर्षी कळला.

मशीदला उतरले. मांडवीच्या गल्ल्यांत हातगाड्या, हमालांच्या आरोळ्या, हवेत मिरची-हळदीचा खकाणा. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा पहिला रुग्ण ओळखला तो इथेच. जवळच दाणाबंदर. त्या नावाशी मी थबकले. धान्याची बंदरं, धान्याची गोदामं, म्हणजे उंदीर. आणि आमच्या तिन्ही समीकरणांत उंदीर कुठेच नव्हता.

रात्री व्हरांड्यात बसून आत्याला हे सांगत होते. ती म्हणाली, "अगं, तुझी पणजी सांगायची ना. घरात उंदीर पडायला लागले की भांडीकुंडी उचलायची आणि रानात खोपटं बांधून राहायचं. माणूस पडायची वाट बघायची नाही."

उंदीर आधी, माणूस नंतर. प्लेगच्या जंतूंची साखळी उंदरांत आणि त्यांच्या पिसवांत चालते. उंदीर मेले की भुकेल्या पिसवा माणसाकडे वळतात. सोमवारी गटात हे मांडलं, तेव्हा आणखी एक गोष्ट टोचू लागली. १९०६च्या मुंबईची वस्ती दहा लाखांच्या जवळपास. त्यातले नऊएक हजार गेले, तर लागण होऊ शकणारे संपले आणि म्हणून साथ ओसरली असं कसं म्हणायचं? शिवाय १८९६नंतर प्लेग दरवर्षी येत राहिला, उन्हाळ्याच्या आसपास चढत आणि पावसाळ्यापर्यंत उतरत. साधं मॉडेल एकदा चढून कायमचं खाली येतं.

सरांनी ऐकून घेतलं आणि आकृतीखालचा मजकूर पुन्हा वाचायला सांगितला. माणसातला प्लेग हे उंदरांमधल्या प्लेगचं प्रतिबिंब आहे, हे करमॅक-मॅकेंड्रिकनी स्वतःच नोंदवून ठेवलं होतं. २०१२ मध्ये निकोला बाकाएर या फ्रेंच गणितज्ञाने ऋतुमान आणि उंदीर धरून हीच आकडेवारी पुन्हा तपासली आहे, हेही तेव्हाच समजलं. कुणीतरी आपल्या आधी पोचलंय याचं मला वाईट वाटलं नाही. त्या वाटेवर आम्ही आपल्या पायांनी आलो होतो.

पुढचे तीन आठवडे उंदीर, पिसवा, माणसं आणि महिन्यागणिक बदलणारे दर यांत गेले. माझ्यासाठी कार्यक्रमाचा गाभा तोच. रेघ ठिपक्यांतून सुरेख गेली म्हणजे कारण सापडलं असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. आता शेजारीशेजारी दोन रेघा होत्या, जवळजवळ सारख्या. एकीत साथ माणसं संपल्यामुळे थांबत होती, दुसरीत हवामान आणि उंदरांमुळे. १९०६ चा एकच हंगाम पाहून त्यांतली खरी निवडता येत नव्हती. अनेक वर्षं ओळीने मांडल्यावर मात्र पहिली रेघ कोलमडली.

जूनच्या अखेरीस, बाहेर पाऊस कोसळत असताना, आम्ही पोस्टर मांडलं. आत्या अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून आली होती. छपाईला देण्याआधी आकृतीतल्या तिसऱ्या चौकटीतला 'वगळलेले' हा शब्द मी खोडला होता. तिथे आता 'गेलेले' असं लिहिलं होतं. आत्याने बोट ठेवून तो शब्द वाचला आणि आकडा विचारला. मी सांगितला.