काट्यापुढची रांग

१४ डिसेंबर, रविवार
मुक्काम गावी, हिंगणघाट तालुका

निवृत्तीला साडेतीन महिने राहिले. निरोप समारंभात वाचायला कारकीर्द थोडक्यात लिहून द्या, असं कॉलेजातून कळवलंय. सकाळी ओसरीवर बसून लिहिलं. नागपूरला प्रॉडक्शन इंजिनिअरिंग, पवईला एम.टेक., पीएच.डी., मग एकतीस वर्षं लॉजिस्टिक्सची प्राध्यापकी. बारा ओळींत आटोपलं. वाचून पाहिलं तर त्यात बाबा कुठेच नव्हते.

१९७७ची गोष्ट. कापूस फक्त सरकारनेच विकत घ्यायचा, ती एकाधिकार खरेदी सुरू होऊन पाच वर्षं झाली होती, मी अकरा वर्षांचा. बंडीत, म्हणजे बैलगाडीत, कापूस भरून बाबांसोबत खरेदी केंद्रावर गेलो, तर रांग पार वळणापलीकडे. आपला नंबर कधी लागेल म्हणून मी रडकुंडीला आलो. बाबा म्हणाले, "पुढच्या बंड्या मोजून ये, अन् काल काट्यावर किती चढल्या ते इचारून ये." पुढे एकशेवीस होत्या, काल चाळीस चढल्या होत्या. "मंग तीन दिस. बैलायचं कुटार पुरवून टाक."

पवईला सरांनी फळ्यावर लिटलचा नियम मांडला: रांगेतली सरासरी संख्या म्हणजे येण्याचा दर गुणिले थांबण्याचा सरासरी वेळ. जॉन लिटल यांनी १९६१ साली त्याची सिद्धता दिली. मी समीकरण वहीत उतरवलं आणि त्याखाली १२०, ४०, ३ असे आकडे लिहिले. ती वही अजून माझ्याकडे आहे.

रांगेत फक्त वेळ जातो, असं पुस्तकं धरून चालतात. कापसाचं तसं नाही. रात्री दव पडतं, कापूस ते पितो. आज हमीभावाच्या खरेदीत ओलावा आठ टक्क्यांपर्यंत असला तर पूर्ण भाव, पुढे बारापर्यंत कपात, त्यावर गेला की गाडी परत. म्हणजे थांबता थांबता मालच बदलतो. यावर मी तीन वर्षं खपून पेपर लिहिला होता. एका नियतकालिकाने तो परत केला. प्रश्न फार स्थानिक आहे, असा शेरा. बंदरात अडकलेला कंटेनर जगाचा प्रश्न आणि काट्यापुढे अडकलेली बंडी स्थानिक, हे मला आजही पटलेलं नाही.

म्हणून दरवर्षी पहिल्या तासाला मी टेबलावर मूठभर कापूस ठेवतो. सरकी काढलेल्या रुईची १७० किलोची एक गाठ बांधायला साधारण पाच क्विंटल कापूस लागतो. तो शेतातून जिनापर्यंत, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यापर्यंत, कसा येतो, ते विचारतो. बहुतेक मुलं समृद्धी महामार्गापासून सुरुवात करतात. एखादंच पोरगं पांदणीपासून, म्हणजे शेतातल्या बंडीच्या कच्च्या वाटेपासून करतं. आमची पांदण दीड किलोमीटरची, ७०१ किलोमीटरच्या त्या रस्त्यापुढे काहीच नाही. पण पावसाळ्यात तिच्यात बंडी रुतली की पुढचा सगळा हिशेब तिथेच थांबतो. अशा पोराला मी वर्षभर सोडत नाही.

संध्याकाळी कागद पुन्हा घेतला. पहिली ओळ खोडून १९७७ची रांग लिहिली. त्यांना वाचायची तर वाचतील.

भाऊ अंगणात ट्रॉलीवर ताडपत्री बांधतोय. ॲपवर नोंदणी केली होती, उद्याचा नंबर मिळालाय. आत्ताच त्याने हाक मारली, दव पडायला लागलं म्हणून. दोरीचं एक टोक धरायला जातो.