आमची वाटचाल : मध्येच हँग होणाऱ्या सॅम्पलरच्या मागावर

आमच्या कार्यशाळेची सुरुवात कीबोर्ड आणि ॲम्प्लिफायर यांच्या दुरुस्तीने झाली. सॅम्पलर, म्हणजे खरे आवाज टिपून ते हव्या त्या सुरात पुन्हा वाजवणारी यंत्रे, आमच्याकडे बरेच उशिरा आले, आणि तेही अडगळीतून. अकाईचा एस९०० (१९८६), ई-म्यूचा एसपी-१२०० (१९८७), रॉजर लिन यांनी रचलेला एमपीसी६० (१९८८) ही एके काळी स्टुडिओची शान असलेली यंत्रे संगणक आल्यावर बाजूला पडली होती. त्यांच्या १२ बिटांच्या खरबरीत आवाजाची ओढ संगीतकारांना पुन्हा लागली, तेव्हा ती कपाटांतून बाहेर निघाली आणि बहुतेक एकच तक्रार घेऊन आमच्या टेबलावर येऊ लागली : यंत्र चालू होते, पण मध्येच हँग होते.

ग्राहक बहुधा निदानही सोबतच आणतो. ‘सॉफ्टवेअर बिघडले’ किंवा ‘मेमरी गेली’ या दोन्ही शक्यता खऱ्या आहेत. यंत्राचा प्रोग्रॅम साठवणाऱ्या जुन्या ईप्रॉम चिपमधला मजकूर काळाने पुसट होऊ शकतो आणि मेमरीचे मॉड्यूल खाचेत सैल बसलेले असू शकते. तरीही आम्ही सुरुवात वीजपुरवठ्यापासून करतो, आणि या कामाने आमच्या व्यवसायाला जे वळण दिले ते याच सवयीतून.

या यंत्रांतील टीटीएल जातीच्या चिपना ५ व्होल्ट लागतात आणि त्यांत सूट असते ती जेमतेम ५ टक्क्यांची, म्हणजे ४.७५ ते ५.२५ व्होल्टपर्यंतची. पुरवठ्यातील, व्होल्टेज स्थिर ठेवणारे इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आतून सुकतात, त्यांचा अंतर्गत रोध वाढतो आणि ५ व्होल्टच्या सरळ रेषेवर लाटा उठू लागतात. मल्टिमीटर सरासरी दाखवत असल्यामुळे त्याला हे दिसत नाही. व्होल्टेजचे क्षणाक्षणाचे चढउतार पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप लावावाच लागतो. फ्लॉपीतून आवाज भरताना हमखास बंद पडणारा एक सॅम्पलर आमच्याकडे आला होता, ज्याच्या पुरवठ्यात मल्टिमीटरला काहीच खोट सापडत नव्हती. ऑसिलोस्कोपवर मात्र फ्लॉपीची मोटर फिरू लागताच व्होल्टेज क्षणभर ४.६ च्याही खाली घसरताना दिसले, आणि तेवढ्या क्षणात प्रोसेसर भलतीच आज्ञा वाचून मोकळा होत होता. कॅपॅसिटर बदलल्यावर ती घसरण थांबली, पण तापल्यानंतर यंत्र पुन्हा हँग झालेच. मग थंडाव्याचा फवारा मारत एकेक भाग तपासत गेलो, तेव्हा पुरवठ्याची केबल जिथे मुख्य बोर्डावर बसते त्या कनेक्टरच्या एका पिनेभोवती ड्राय सोल्डरचे, म्हणजे सुटलेल्या डाखाचे, केसाएवढे वर्तुळ भिंगाखाली दिसले. दोन दोष एकमेकांच्या आड लपले होते.

सगळे कॅपॅसिटर सरसकट बदलून देण्याची पद्धत आम्हाला पटत नाही. जुन्या बोर्डावरील तांब्याचे पट्टे उष्णतेने सहज उचलले जातात, आणि नको तिथे केलेले काम नवीन दोष पेरते. म्हणूनच निदानाचे शुल्क आम्ही दुरुस्तीपासून वेगळे ठेवले. काही ग्राहकांना ते खटकते, तरी हा नियम आम्ही बदललेला नाही.

दुसरा नियम फ्लॉपींचा. यंत्र बंद पडले की रॅममधले सगळे जाते, आणि फ्लॉपीवर उरलेला आवाज बहुधा कुठेच दुसरा नसतो; त्यामुळे पेचकस हातात घेण्याआधी आम्ही प्रत्येक फ्लॉपीची प्रत करून घेतो. फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी, फ्लॉपीऐवजी पेन ड्राइव्ह वापरू देणारा यूएसबी एम्युलेटर बसवून देण्याचे कामही आता बरेच येते. मोटर गेल्यामुळे पुरवठ्यावरचा भार हलका होतो खरा, पण सुकलेला कॅपॅसिटर त्याने बरा होत नाही, हे ग्राहकाला आधीच सांगून ठेवतो. स्कझी (उपकरणे एका साखळीत जोडण्याची जुनी पद्धत) डिस्क जोडलेली असेल, तर साखळीच्या दोन्ही टोकांना टर्मिनेटर (टोक बंद करणारा रोध) आहे ना आणि दोन उपकरणांना एकच क्रमांक दिलेला नाही ना, एवढे पाहून घेतो. ते मिनिटांचे काम आहे.

यंत्र स्वीकारताना हल्ली आम्ही एक तक्ता भरून घेतो : ते थंड असताना हँग होते की तापल्यावर, फ्लॉपी फिरताना की एका वेळी खूप आवाज वाजवताना, पडदा गोठतो की यंत्र आपोआप पुन्हा सुरू होते. परत देण्यापूर्वी ते झाकण लावून, एकच लूप वाजवत, रात्रभर चालू ठेवले जाते.