गंजाच्या रंगाचे केस

नायजेरियन लेखक चिनुआ अचेबे यांची ‘रेफ्यूजी मदर अँड चाइल्ड’ (निर्वासित आई आणि मूल) ही कविता शिकवायची असली की मी मुलांना दोन रंगांच्या पेन्सिली आणायला सांगते. कवितेतल्या निर्वासितांच्या छावणीत उभं राहिलं तर डोळ्यांना जे दिसलं असतं त्याखाली लाल रेघ, कवीने आपल्या मनचं जोडलं त्याखाली निळी. अलंकाराचं नाव त्यानंतर. गाइडांमध्ये नेमकं उलटं असतं: आधी ‘सिमिली’ (उपमा), मग ओळ, मग गुण. कविता वाचायची गरजच उरत नाही, याचा मला मनापासून राग येतो.

कविता बियाफ्राची, म्हणजे नायजेरियातून फुटून निघालेल्या भागाची. नायजेरियातल्या 1967 ते 1970 च्या यादवीत त्या भागाची नाकेबंदी झाली, अन्न पोचेना, आणि लहान मुलांचे सर्वाधिक हाल झाले. अचेबे स्वतः तिथल्या इग्बो समाजाचे, बियाफ्राच्याच बाजूचे.

सुरुवात वर्गाने छान पकडली. मेरी आणि बाळ येशूचं कुठलंही चित्र या आईच्या मायेपुढे उणं पडेल, असं कवी म्हणतो. उपमानापेक्षा उपमेय वरचढ, म्हणजे व्यतिरेक. दातांत धरून ठेवलेलं हसू, तेही हसण्याचं नुसतं भूत: निळी रेघ. पुढे आई मुलाच्या डोक्यावर उरलेले गंजाच्या रंगाचे केस विंचरते. पुन्हा निळी. माझ्या प्रतीतही तिथे निळीच होती. स्पष्टीकरणही तयार होतं: गंज लोखंड खातो, तशी भूक शरीर खाते.

मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, “मॅडम, हे खरंच असतं. कुपोषित बाळाचे केस तांबूस होतात. नुसते ओढले तरी हातात येतात.” तिची आई अंगणवाडी सेविका आहे.

तिचं बरोबर होतं. क्वाशिओरकोर या तीव्र कुपोषणात केसांचा काळा रंग जातो, ते विरळ होतात, अंगावर सूज येते, पोट फुगतं. हा शब्द घानातल्या गा भाषेतला. धाकटं भावंड आल्यावर आईच्या दुधावरून सुटलेल्या मुलाचा आजार, असा त्याचा अर्थ सांगतात. म्हणजे कवितेतल्या रिकाम्या, फुगलेल्या पोटांखालीही लाल रेघच.

आम्ही सगळं पुसून पुन्हा रेघा मारल्या. पान लाल होत गेलं आणि कवितेचा भावच बदलला. आधी मी फळ्यावर ‘करुण’ लिहून मोकळी झाले होते. पण करुणाचा स्थायिभाव शोक, आणि इथे मूल अजून जिवंत आहे. आई भांग पाडते आहे, शाळेत जाणाऱ्या मुलाचा पाडावा तसा. तिथपर्यंत सगळं वत्सल. मृत्यूचं नाव शेवटच्या उपमेतच येतं: चिमुकल्या थडग्यावर फुलं ठेवावीत तसं ती हे करते. मराठीत सांगताना मी इथे ‘जणू’ वापरत नाही. ‘जणू’ने उत्प्रेक्षा होते, कल्पनेला वाव राहतो, मूळ इंग्रजी शब्द साधा ‘लाइक’, म्हणजे ‘सारखं’, आहे, आणि त्या आईला कल्पना करायला काही शिल्लक नाही.

एक गोष्ट मात्र अजून सुटत नाही. अंगणवाडीच्या बोलीत ते केस तांबूस. कवीने गंज म्हटलं. रंग मुलाचा, गंज कवीचा. माझ्या प्रतीत त्या एका शब्दाखाली आता दोन्ही रेघा आहेत, आणि उत्तरपत्रिकेत तो शब्द उपमा म्हणून लिहिणाऱ्याला गुण द्यायचे का, हे मी ठरवू शकलेले नाही.