भावाचं अपील हायकोर्टात आहे, आमचा आतापर्यंतचा अनुभव

आमचं गाव सांगली जिल्ह्यात. २०१८ ला बांधावरून भावकीत मारामारी झाली, त्यात चुलत घरातला एक जण गेला आणि आमच्याकडचे तिघं आत गेले, त्यातला एक माझा धाकटा भाऊ. जो गेला तो पण आमच्याच रक्ताचा, त्याच्या आईला मी लहानपणापासून काकी म्हणते, त्यामुळे हे लिहिताना तिचं दुःख मी कुठे कमी लेखत नाही. पण भावाच्या हातात काठी होती, घाव कुऱ्हाडीचा होता आणि कुऱ्हाड दुसऱ्याच्या हातात होती. पोस्टमॉर्टेममध्ये एकच मोठी जखम लिहिली आहे, अंगावर काठीचा वळसुद्धा नाही. तरी २०२२ ला सेशन कोर्टाने तिघांनाही खुनाच्या कलम ३०२ ला ३४ जोडून जन्मठेप दिली. ३४ म्हणजे समान उद्देश, म्हणजे घाव एकाने घातला तरी सगळ्यांच्या मनात तेच होतं असं धरायचं. (नवीन कायद्यात हे १०३ आणि ३(५) झालंय, पण १ जुलै २०२४ च्या आधीच्या गुन्ह्यांना जुनीच कलमं लागतात.) आणि जन्मठेप म्हणजे १४ वर्षं असं गावात सगळे सांगतात तसं नाहीये, जन्मठेप म्हणजे जन्मभर, १४ वर्षांनंतर फक्त सरकार सुटकेचा विचार करू शकतं. हे मला निकालाच्या दिवशी कोर्टाच्या जिन्यात उभं राहून कळलं.

सेशनच्या निकालावर हायकोर्टात ६० दिवसांत अपील करायचं असतं, सर्टिफाइड कॉपी मिळायला जेवढे दिवस लागले ते त्यातून वगळतात. निकालाची एक कॉपी आरोपीला फुकट मिळते, ती मागून घ्या. वकील परवडत नसेल तर जेलमधून सुपरिंटेंडंटकडे अर्ज देऊन पण अपील जातं आणि विधी सेवा समिती वकील देते. आम्ही पैसे गोळा करून मुंबईत वकील लावला.

महालक्ष्मी एक्सप्रेसने रात्रभर प्रवास करून सकाळी सीएसएमटी, तिथून चालत फोर्टला हायकोर्ट, गेटवर आधार दाखवून पास काढायचा आणि मग दिवसभर त्या कॉरिडॉरमध्ये उभं राहायचं, असं मी किती वेळा केलं ते आता आठवत नाही. आधी नुसता स्टॅम्प नंबर पडतो, मग ऑफिसची ऑब्जेक्शन निघतात, अमुक पान अस्पष्ट आहे, तमुक ठिकाणी सही नाही, ती काढल्यावर खरा अपील नंबर मिळतो. अपील अ‍ॅडमिट झालं तेव्हा आई रडली, तिला वाटलं सुटला. अ‍ॅडमिट म्हणजे फक्त ऐकायला घेतलं, कधी ऐकणार ते त्यात नसतं.

अपीलासोबत शिक्षा स्थगित करून जामीन मागायचा अर्ज असतो, जुन्या सीआरपीसीचं (फौजदारी प्रक्रिया संहिता) कलम ३८९. खटला चालू असतानाचा जामीन आणि हा जामीन यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आता तो कोर्टाच्या नजरेत दोषी असतो, आणि जन्मठेपेच्या केसमध्ये सरकारी वकिलाला लेखी विरोध करायची संधी द्यावीच लागते. आमचा पहिला अर्ज दोन जजेसच्या बेंचपुढे आला तो २०२३ मध्ये. पाच-सात मिनिटं ऐकून घेतलं, बेंचचा कल दिसला आणि वकिलांनी अर्ज मागे घेतला. मला तेव्हा त्यांचा खूप राग आला. नंतर समजलं की रिजेक्टची ऑर्डर रेकॉर्डवर येण्यापेक्षा मागे घेतलेलं बरं, पुढे परत मागता येतं. पण हे त्यांनी आम्हाला आधी सांगायला हवं होतं, आणि त्यानंतर वर्षभर त्यांनी फोन उचलले नाहीत. शेवटी एनओसी घेऊन वकील बदलला. नवीन मॅडमनी पहिल्याच भेटीत विचारलं, "ताई, पेपर बुक झालंय का?" मला पेपर बुक म्हणजे काय तेच माहीत नव्हतं.

ज्यांचं अपील पडून आहे त्यांनी हे नीट वाचा. सेशन कोर्टातून सगळं रेकॉर्ड, ज्याला आर अँड पी म्हणतात, ते हायकोर्टात यावं लागतं, मग साक्षी, पंचनामे, निकाल सगळं बांधून पेपर बुक बनतं, साक्षी मराठीत असतील तर त्यांचं इंग्रजी भाषांतर लागतं, आणि हे होईपर्यंत अंतिम सुनावणी होत नाही. आम्ही दोन वर्षं समजत होतो की कोर्टाला वेळ नाही, प्रत्यक्षात आमचं रेकॉर्डच पूर्ण नव्हतं. मॅडमनी अर्ज देऊन ते मागवलं, पाठपुरावा केला.

भाषांतर हातात आलं तेव्हा मी रात्री मराठी साक्ष आणि इंग्रजी पानं शेजारी ठेवून ओळ न ओळ वाचली, माझं इंग्रजी बेताचंच पण डिक्शनरी घेऊन बसले. मुख्य साक्षीदार, म्हणजे काकीचा पुतण्या, उलटतपासात म्हणाला होता की भाऊ कडेला उभा होता आणि त्याने काठी उगारली. इंग्रजीत लिहिलं होतं, काठी मारली. उगारली आणि मारली. मी ते तीन वेळा वाचलं, मग आईला उठवून दाखवलं, आणि सकाळी सात वाजता मॅडमना फोटो पाठवला. मुद्दाम कोणी केलंय असं मी म्हणत नाही, शेकडो पानं असतात, पण ज्या बेंचला ठरवायचंय की ह्याच्या मनात मारायचं होतं का, त्यांच्यापुढे तो एक शब्द चुकीचा जाणार होता. मॅडमनी लेखी देऊन दुरुस्ती मागितली. तुमच्या माणसाच्या साक्षी तुम्ही स्वतः वाचा, आपली भाषा आपल्यालाच कळते, उगारणं म्हणजे काय ते गावातल्या माणसाला सांगावं लागत नाही.

आमचं म्हणणं साधं आहे. एकतर ३४ लागत नाही, ज्याने जे केलं त्याला त्याची शिक्षा द्या. आणि ३४ लागतच असेल तरी अचानक उफाळलेलं भांडण होतं, आधी ठरवलेलं काही नव्हतं, मग तो खून नाही, ३०४ म्हणजे सदोष मनुष्यवध होतो, त्यात भाग दोन धरला तर जास्तीत जास्त १० वर्षं.

ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच झालं, १७ तारखेला सरन्यायाधीश गवईंच्या हस्ते उद्घाटन आणि १८ पासून काम. सांगली, सातारा, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे तिकडे गेले. वकिलांनी आणि लोकांनी चाळीसहून जास्त वर्षं ह्यासाठी आंदोलनं केली होती, त्या सगळ्यांचे आभार मानते. रात्रभराचा प्रवास होता तो एसटीने दीड तासावर आला, आणि भाऊ कोल्हापुरातच कळंबा जेलला असल्यामुळे एकाच दिवसात कोर्ट आणि मुलाखत दोन्ही व्हायला लागलं.

कोल्हापूरच्या बेंचपुढे मॅडमनी प्रिसिपी (केस सुनावणीला घ्या अशी लेखी विनंती) देऊन सर्क्युलेशन, म्हणजे सुनावणीची तारीख घेतली आणि दुसरा अर्ज चालवला. मुख्य मुद्दा असा मांडला की सात वर्षं प्रत्यक्ष आत झालीत आणि अपील लगेच ऐकलं जाईल अशी स्थिती नाही. सुप्रीम कोर्टाने १९७७ मध्येच कश्मिरा सिंग केसमध्ये म्हटलंय की वाजवी वेळेत अपील ऐकता येत नसेल, आणि आत ठेवायला काही ठोस कारण नसेल, तर माणसाला आत ठेवू नये. सरकारी वकिलांनी विरोध केला. बेंचने पोस्टमॉर्टेमचं पान मागितलं, तेवढं एकच पान वाचलं, आणि शिक्षा स्थगित केली. २५ हजारांचा बाँड, तेवढ्याच रकमेचा जामीनदार, महिन्यातून एकदा पोलीस स्टेशनला हजेरी आणि अपीलाचा निकाल होईपर्यंत गावात पाऊल ठेवायचं नाही.

ऑर्डर झाली म्हणजे माणूस त्याच दिवशी बाहेर येतो असं नाही. ऑर्डर अपलोड व्हायला दोन दिवस गेले, मग सेशन कोर्टात जामीनदार उभा करायचा, त्याचा सातबारा, तहसीलचं सॉल्व्हन्सी सर्टिफिकेट (ऐपतीचा दाखला), शिवाय दंड भरल्याची पावती. भावकीतलं कोणी पुढे येईना, शेवटी माझ्या सासऱ्यांनी स्वतःचा सातबारा दिला, ते मी आयुष्यभर विसरणार नाही. रिलीजचा कागद संध्याकाळी उशिरा जेलला पोचला म्हणून सुटका दुसऱ्या दिवशी. सात वर्षांत त्याचे अर्धे केस पांढरे झालेत.

शिक्षा थांबली आहे, दोष तसाच आहे, नोकरीच्या फॉर्मवर तो लिहावाच लागतो. आता तो माझ्याकडे राहतो, मार्केट यार्डात हळदीच्या गोडाऊनला जातो, गावात जाता येत नाही म्हणून आईच महिन्यातून दोनदा डबा घेऊन येते. अपील अजून बाकी आहे. रोज रात्री मी वेबसाइटवर दुसऱ्या दिवशीचा बोर्ड, म्हणजे सुनावणीच्या केसेसची यादी बघते. मागच्या आठवड्यात आमचं मॅटर ४१ नंबरला होतं, २६ पर्यंत झालं आणि कोर्ट उठलं. परत प्रिसिपी द्यायची आहे, मॅडम सोमवारी देणार आहेत.