ट्रॅव्हलर कॅम्पर: इन्व्हर्टर बसला, केबलने घाम काढला

मंडळी, ट्रॅव्हलर व्हॅनचा कॅम्पर, म्हणजे चाकांवरचं घर करतोय; त्यात बॅटरीच्या विजेवर घरची उपकरणं चालवणारा इन्व्हर्टर एकदाचा बसला. १००० वॉट, प्युअर साइन वेव्ह, म्हणजे घरच्या लायनीसारखी गुळगुळीत वीज देणारा. ओबडधोबड लहरींचा मॉडिफाइडवाला स्वस्तात मिळत होता, पण त्यावर मिक्सर गुरगुरतो आणि तापतोही, म्हणून तो विचार सोडला.

खरं डोकं खाल्लं ते जागेने. ओट्याखालचं कपाट रिकामं होतं आणि बायकोचा कौल त्यालाच. पण बॅटरी ड्रायव्हरच्या सीटमागे; म्हणजे केबल जाऊन-येऊन आठ मीटर. १२ व्होल्टवर १००० वॉट काढायचे तर इन्व्हर्टरमधली घट धरून ९० अँपिअर लागतात. ३५ स्क्वेअर एमएमचं तांबं घातलं तरी साधारण ०.३५ व्होल्ट वाटेतच गडप. म्हणून इन्व्हर्टर बॅटरीला खेटून ठेवला आणि ओट्यापर्यंत २३० व्होल्टची वायर नेली. कपाटात आता भांडी राहतील, बायकोही खूश.

पुण्यातल्या तपकीर गल्लीत केबल मागितली तर दुकानदार म्हणाला, "हजार वॉटला पस्तीस? काका, दीडची वायर पुरते की!" घरच्या लायनीला त्याचं बरोबरच आहे, तिथे जेमतेम साडेचार अँपिअर जातात. १२ व्होल्टचा हिशेब सांगितल्यावर त्याने मुकाट्याने आतून वेल्डिंग केबल काढली. बारीक तारांची, वळणाला मऊ. गाडीत हीच बरी. केबलच्या टोकाचे लग, म्हणजे बोल्टला अडकवायच्या तांब्याच्या टोप्या, हायड्रॉलिक क्रिम्पिंगने दाबून घेतले. हातोडीने ठोकलेला लग घाटातल्या खड्ड्यांनी सैल होतो आणि मग तापतो.

फ्यूज १५० अँपिअरचा, क्लास टी (शॉर्टचा प्रचंड करंटही तोडू शकणारा), बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरावर. लिथियम बॅटरी शॉर्ट झाली तर साध्या फ्यूजला आवरेलच असं नाही. इथे कंजुषी नको.

जोडताना ठिणगी उडू नये म्हणून प्लसच्या वाटेत आधी हेडलाइटचा जुना बल्ब लावला. तो भकन पेटला आणि विझत गेला, म्हणजे इन्व्हर्टरमधले कपॅसिटर भरले. मग केबल कसली.

चाचणीला ५०० वॉटच्या मिक्सरवर शेंगदाण्याची चटणी. चालू होताना केबलमधला करंट दाखवणाऱ्या डीसी क्लॅम्प मीटरचा आकडा जोरात उसळला, पण बॅटरीतल्या संरक्षक सर्किटने, म्हणजे बीएमएसने, मान टाकली नाही. इंडक्शन शेगडीचा हट्ट नाही. १०० अँपिअर-अवरच्या बॅटरीवर स्वयंपाक म्हणजे उधळपट्टी, गॅस आहेच.

एक काम उरलंय. काही न चालवताही इन्व्हर्टर थोडा करंट खातच राहतो, तेव्हा बेडशेजारी रिमोट स्विच हवा. त्याची वायर छताच्या पॅनेलमागून ओढायची, म्हणजे पॅनेल पुन्हा उघडणं आलं.