जवारीची वही : ४३वी भाकरी

काल रात्री ४३वी भाकरी फुगली. पूर्ण नाही, अर्धीच. तव्यावरून काढून जाळावर धरली तेव्हा एका बाजूने वाफ धरून टम्म झाली आणि दुसरी बाजू लग्नात रुसून बसलेल्या पाहुण्यासारखी जागची हलेना. पण फुगली. बायकोने लगेच फोटो काढून बेळगावजवळच्या यळ्ळूरच्या आत्याला पाठवला. दोन मिनिटांत आत्याचं उत्तर : "पीठ कवा दळलंस गा?"

शाबासकी नाही, काही नाही. थेट पिठाची चौकशी. आणि दुखणं नेमकं तेच होतं, त्यावर पुढे येतोच.

मध्ये दोन महिने नोंदी टाकल्या नव्हत्या म्हणून आधी थोडी उजळणी. ही वही मी मृगाच्या तोंडावर सुरू केली. ठरवलेलं एवढंच : सकाळी बस धरून रात्रीच्या जेवणाला घरी परतता येईल एवढ्या टापूत, त्या त्या दिवसांत जे निघतं ते आणायचं. जमलं तर आधी ते चांगलं करणाऱ्याच्या हातचं बाहेर खायचं, मग घरी करून बघायचं. फसलं तर तेही लिहायचं. वहीचं नाव 'जवारी' ठेवलं, कारण आपल्याकडे बाजारात हा एकच शब्द दोन्ही भाषांत चालतो. पुण्याच्या एका मित्राने मला विचारलं होतं की जवारी कोंबडी म्हणजे ज्वारी खाऊन वाढलेली का. नाही बाबा. गावरान. जवारी काकडी, जवारी अंडी, जवारी मिरची. समोरची बाई मराठी बोलो की कन्नड, 'जवारी' म्हटलं की तिचा हात वरच्या ढिगावरून उचलून मागच्या बुट्टीकडे जातो. भावही तिकडेच जातो, ते सोडा.

आपला बेळगाव जिल्हा मजेशीर आहे. पश्चिमेला खानापूर, जांबोटी, मलप्रभा उगम पावते ते कणकुंबी : जंगल, धो धो पाऊस, भात. पूर्वेला बैलहोंगल, गोकाक, अथणीकडे काळं रान आणि ज्वारी. सकाळी चिखलात पाय आणि दुपारी ढेकळांत, असं एकाच दिवसात होऊ शकतं. खाण्याच्या नादी लागलेल्या माणसाला याहून काय पाहिजे!

वहीत सुरुवातीला तीन रकाने होते : काय, कुठून, कसं झालं. श्रावणात चौथा वाढवला : 'कधी'. म्हणजे तोडल्यापासून, काढल्यापासून किंवा दळल्यापासून किती वेळ गेला. हा रकाना अळंबीने शिकवला, आणि चांगला पैसे घेऊन शिकवला.

खानापूर रस्त्यावर पानांत बांधून अळंबी घेऊन बसलेली एक मावशी भेटली. वारुळावर उगवणारी ही जात. वाळवी आपल्या वारुळात ही बुरशी पोसते आणि पाऊस लागला की तिच्या छत्र्या वर येतात. वाळवीवाचून ती वाढत नाही, म्हणून शेडमधल्या मश्रूमसारखी तिची लागवड होत नाही. मिळेल तेव्हा मिळेल. मी हावरटपणाने दोन वाटे घेतले. मावशी म्हणाली, "आजच करा हं, ठेवू नका." एक वाटा त्याच दुपारी केला : माती हलक्या हाताने धुऊन, सुरी न लावता हातानेच लांब लांब फाडून, कांदा, हळद, ओलं खोबरं आणि एक मिरची. बस. गरम मसाला घातला असता तर बायकोने घराबाहेर काढलं असतं. दुसरा वाटा मी पिशवीत घालून फ्रीजमध्ये ठेवला, उद्या भाताबरोबर करू म्हणून. दुसऱ्या दिवशी पिशवीत काळसर पाणी आणि असा वास की फ्रीज तीन दिवस उघडा टाकावा लागला. नोंद : अळंबी, 'कधी' : ५ तास, उत्तम. २६ तास, कचरा.

(स्वतः रानात जाऊन वेचायच्या भानगडीत मी पडलो नाही आणि तुम्हीही पडू नका. खायची कुठली आणि विषारी कुठली हे फोटो बघून कळत नाही. वर्षानुवर्षं वेचणाऱ्या बाईकडूनच घ्या.)

त्यानंतर मी सगळंच त्याच दिवशी करायच्या मागे लागलो, आणि रताळ्यांनी तोंडावर पाडलं. नवरात्राच्या तोंडावर तांबडी माती चिकटलेली रताळी आणली, तासाभरात कुकरला लावली. गोडी नाही, नुसता पिठूळपणा. त्याच ढिगातली उरलेली पाटीत पसरून आठ दिवस माळ्यावर राहिली, ती जाड लोखंडी तव्यावर झाकण घालून मंद आचेवर पाऊण तास भाजली, तर सालीतून चिकट पाक बाहेर आला. कारण शोधलं. काढल्यावर काही दिवस पडून राहिलं की रताळ्यातल्या पिष्टाची साखर व्हायला लागते. शिवाय त्यातलं पिष्ट फोडणारं एन्झाइम साधारण ६० ते ७५ अंश सेल्सियसला जोमात काम करतं. चुलीच्या राखेत किंवा मंद तव्यावर रताळं त्या टप्प्यात बराच वेळ राहतं, कुकरमध्ये ते त्याला झटक्यात ओलांडून जातं. म्हणजे गावाकडची राखेतली रताळी गोड लागायची ती नुसत्या आठवणीने नव्हे.

तांदळाचं तर आणखी उलटं. शहापूर, वडगाव, अनगोळच्या शिवारात, बळ्ळारी नाल्याच्या काठाने आपली बेळगाव बासमती होते, नाला फुगला की बुडते ती. सुगीनंतर नवा तांदूळ हौसेने आणला. वास सगळ्या घरभर. भात मात्र गिच्च, पाणी कमी केलं तरी. आत्याने तिच्या पिंपातला गेल्या वर्षीचा दिला, तो शीत न शीत मोकळा. नव्याची मी आता खीर आणि पेज करतो, भाताला जुना. 'कधी'च्या रकान्यात तांदळापुढे '१ वर्ष' लिहिताना जरा गंमत वाटली. अळंबीच्या खालच्याच ओळीत.

आता भाकरीकडे.

डिसेंबरात बैलहोंगलच्या बाजूला एका लिंगायत खानावळीत जेवलो. पाटी कन्नडात, बाक लाकडी, स्वयंपाकघराचं दार उघडं, आणि आतून सतत थप थप थप. मी मुद्दाम दाराजवळची जागा धरली. ती बाई परातीत उजव्या हाताने थापत होती आणि डावा हात कडेला लावून भाकरी फिरवत होती. मध्येच दोन्ही हातांनी उचलून तव्यावर टाकली, पिठाची बाजू वर, आणि ओल्या हाताने वरून पाणी फिरवलं. पाणी सुकायच्या आत उलटली. घड्याळ लावून बघितलं : गोळा हातात घेतल्यापासून तव्यावर पडेपर्यंत ४० सेकंदांच्या आत. ताटात दोन भाकऱ्या, एण्णेगाई (तेलातली भरली वांगी), मटकीची उसळ, शेंगा चटणीवर दही, आणि कडेला कच्च्या मेथीची जुडी, कांदा, काकडी. मेथी भाकरीबरोबर अशी पानंच्या पानं चावून खायची पद्धत मला फार आवडते. अर्धं ताट संपायच्या आत वाढपी "बेकेन री?" (हवी का?) करत पुढची भाकरी घेऊन उभा. "साकु" (पुरे) एकदा म्हणून भागत नाही, ताटावर हात आडवा धरावा लागतो. मी चार खाल्ल्या. घरी दोन खातो.

निघताना मोडक्यातोडक्या कन्नडात त्या बाईला विचारलं, भाकरी तुटत का नाही. तिने नुसतं पातेल्याकडे बोट दाखवलं. "बिसी नीरु." गरम पाणी. आणि माझ्याकडे अशी बघून हसली की हे विचारायला एवढा लांब आला होय!

गरम पाणी म्हणजे कोमट नव्हे हे मला सोळाव्या भाकरीला कळलं. ज्वारीत गव्हासारखं ग्लूटेन नाही. पीठ एकमेकांना धरून राहतं ते उकळत्या पाण्याने पिष्ट फुगून चिकट होतं त्यामुळे. म्हणून पाणी खळखळ उकळतं हवं, चमच्याने कालवायचं आणि हाताला सोसेल तसं मळायचं. मळायचं म्हणजे तळव्याच्या टाचेने रगडायचं. मी कणकेसारखं हलकेच गोळा करत होतो. दर भाकरीला तेवढाच गोळा नव्याने मळून घ्यायचा, सगळं पीठ एकदम मळून ठेवायचं नाही. हे सगळं केल्यावर मधोमध तुटणं थांबलं. कडा मात्र फाटत राहिल्या. उन्हाळ्यात तळं आटल्यावर माती तडकते तशा.

तिसाव्या भाकरीपर्यंत मी पाकिटातलं पीठ वापरत होतो हे कबूल करतो. पाकिटावरची दळल्याची तारीख वाचायचं सुचलंच नव्हतं. अडीच महिने झाले होते. ३१वीपासून मालदांडी ज्वारी आणून गिरणीत दळली. पहिल्या तीन भाकऱ्या अशा उतरल्या की मी स्वतःलाच नमस्कार केला. मग दिवस जातील तसतशा कडा पुन्हा फाटायला लागल्या. पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते असं आई म्हणायची, ते मी जुन्या बायकांचं काहीतरी म्हणून सोडून दिलं होतं. कालचं पीठ दळून ११ दिवस झाले होते. आत्याने भाकरीचा फुगा बघितलाच नव्हता, कडा बघितल्या होत्या.

एण्णेगाई मात्र लवकर जमली, त्यामुळे त्यावर थोडक्यात. पाव किलो लहान जवारी वांगी, देठ ठेवून चार चिरा. भाजलेले शेंगदाणे अर्धी वाटी, सुकं खोबरं, तीळ, कारळ एकेक चमचा, भाजलेला कांदा, चिंच, गूळ, तिखट. पहिल्यांदा मसाला मिक्सरला बारीक फिरवला तर दाण्याचं तेल सुटून लगदा झाला. आता खलबत्त्यात जाडसर कुटतो. कारळ करपला की सगळी भाजी कडू, म्हणून तो शेवटी गरम तव्यावर नुसता फिरवून घ्यायचा. झाकणावर पाणी ठेवून मंद आचेवर २५ मिनिटं. तेलात हात आखडलात तर ती वांग्याची भाजी होते, एण्णेगाई नाही. 'एण्णे' म्हणजेच तेल.

तिखटाचं माझं प्रमाण दोनास एक : ब्याडगी रंगाला, संकेश्वरी जाळाला. ब्याडगी आपल्या जिल्ह्यातली नाही, हावेरीची, २०११ साली तिला जीआय (भौगोलिक मानांकन) ही मिळाला. नियमात बसत नाही. पण ती सोडली तर आमटी पिवळी दिसते आणि घरात बंड होतं, म्हणून सवलत दिली आहे.

लोण्याची नोंद फसली. बेळगावचं लोणी म्हणून शहरातल्या एका दुकानातून घेतलं, कढवलं तर तळाला बेरी जवळपास नाहीच आणि तुपाला डालड्याचा वास. भांडायला गेलो नाही, चूक माझी होती. गोळा बघून, चाखून घ्यायचा असतो, मी बंद डबा उचलला. आता एका गवळ्याकडून म्हशीचं लोणी घेतो. कढत आलं की विड्याचं एक पान टाकतो. पान कुरकुरीत झालं की गॅस बंद, आणि ते पान मुलांच्या आधी मी खातो.

गोडाचं विचारणारे बरेच आहेत. कुंदा मी घरी करणार नाही. एवढा वेळ दूध आटवत उभं राहण्यापेक्षा गल्लीच्या तोंडाशी चांगला मिळतो. गोकाकचं करदंट एकदा करून बघितलं. कन्नडात नावाचा अर्थच तळलेला डिंक. माझा डिंक आतून कच्चा राहिला आणि दाताला बसला. मांड्यांच्या बाबतीत मी अजून मनातच खातोय. उपड्या कढईवर एवढं पातळ पसरून, गरम असताना पिठीसाखर, तूप, खसखस घालून घडी घालायची : ज्याची भाकरी कडेला फाटते त्याने हा विषय काढू नये.

गेल्या रविवारी आत्याकडे मसूर काढणीला गेलो होतो. भातानंतर त्याच रानात, नुसत्या ओलीवर येणारी मसूर. माझा उपयोग शून्य, पण राजहंसगड समोर ठेवून बांधावर बसून भाकरी, मिरचीचा खर्डा आणि कांदा खाल्ला. आत्याची भाकरी सकाळी सहाला केलेली, दुपारी एकला खाल्ली तरी घडी घालता येत होती. मी पीठ कुठल्या दिवशीचं ते विचारलं. "कालचं की," ती म्हणाली. "आणि कवाचं असणार?"

म्हणून आज सकाळी फक्त अर्धा किलो ज्वारी घेऊन गिरणीत गेलो. गिरणीवाले मामा डब्यात डोकावून म्हणाले, "एवढ्यासाठी गिरणी चालू करू व्हय?" समोरच्या घरातल्या आजींची दोन किलो ज्वारी येईपर्यंत पाऊण तास बाकावर बसून राहिलो. तिच्या मागोमाग माझी दळली. डबा अजून गरम आहे. रात्री ४४वी.