ताम्हिणीमार्गे दिवेआगर: नवखे सोबत असतील तर

पुण्याच्या चांदणी चौकातून पहाटे साडेपाचला नऊ मोटरसायकली निघाल्या. त्यातल्या चौघांनी आधी घाटात गाडी घातलेली नव्हती. पौड, मुळशी, ताम्हिणी, निजामपूर, माणगाव, म्हसळा, बोर्ली पंचतन, दिवेआगर असे साधारण 160 किलोमीटर. एकट्याला चार तास पुरतात. असा चमू असेल तर सहा धरा. टाक्या पिरंगुट-पौडकडेच भरून घ्या, पुढे पंपाच्या भरवशावर राहू नका.

खरं काम निघण्याआधीच असतं, ते म्हणजे गाड्यांचा क्रम ठरवणं. नवख्यांना शेवटी ठेवायची चूक बहुतेक जण करतात. गावाबाहेर पडताना लीडने, म्हणजे सगळ्यात पुढच्याने, वेग वाढवला की प्रत्येक जण थोडा उशिरा वाढवतो, आणि हा उशीर मागे साठत जातो. लीड 60 वर असताना शेवटच्याला गाठायला 80 लागतात. तिथे नवखा असेल तर त्याला झेपणारा नाही तो वेग नेमका त्याच्याच वाट्याला येतो. म्हणून लीडच्या मागे सगळ्यात नवखा, मग एक सराईत, एक नवखा असं करत शेवटी स्वीप, म्हणजे सगळ्यांना सांभाळत मागून येणारा. स्वीप सगळ्यात अनुभवी हवा. पंक्चर किट, पंप, क्लच केबल आणि पाने त्याच्याकडेच. कुणाची गाडी स्पोकच्या चाकांची असेल तर त्या मापाची ट्यूबही घ्या, तिथे सहसा ट्यूबलेस टायरचा पंक्चर प्लग चालत नाही.

सरळ रस्त्यावर एक गाडी लेनच्या उजवीकडे, पुढची डावीकडे. आपल्याच रेषेतल्या गाडीपासून दोन सेकंदांचं अंतर. घाटात ही रचना मोडायची आणि एकामागे एक चालायचं, कारण वळणावर प्रत्येकाला पूर्ण लेन लागते. एसटी वळताना आपल्या बाजूला येते, ती येणारच असं धरून आपल्या लेनच्या डाव्या बाजूला राहा आणि आंधळ्या वळणाआधी हॉर्न द्या.

घाटात मोबाईलची रेंज जाते. त्यामुळे नियम एकच: फाटा आला की मागची गाडी आरशात दिसेपर्यंत थांबायचं. प्रत्येकाने फक्त आपल्या मागच्याकडे लक्ष ठेवलं तरी पुरतं.

ताम्हिणी कोकणाच्या बाजूला उतरते आणि गडबड होते ती तिथेच. नवखा क्लच दाबून उतरतो, इंजिन रोखेनासं होतं, सगळा भार मागच्या ब्रेकवर येतो. ड्रम तापतो, पायाला ब्रेक खोल जाऊ लागतो, जळका वास येतो. तसं झालं की सुरक्षित जागा बघून गाडी बाजूला घ्या आणि पंधरा मिनिटं नुसती उभी ठेवा. पाणी ओतू नका, तापलेला धातू वाकू शकतो. मुळात हे टाळायचं तर जो चढ ज्या गिअरात चढला असता, तो उतार त्याच गिअरात उतरा. बहुतेक वळणांना दुसरा. ब्रेक वळणाआधी, सरळ गाडीवर, दोन्ही एकत्र. नजर पुढच्या गाडीच्या टेललाइटवर खिळली की तिच्या चुकाही आपल्या होतात. नजर वळणाच्या शेवटाकडे हवी.

पावसाळ्यात धबधब्यांपाशी गाड्या रस्त्यातच उभ्या असतात आणि कडेला शेवाळ धरतं. नवख्यांना पहिल्यांदा न्यायचं ते डिसेंबरात. तेव्हाही वळणांवर साचलेली खडी असतेच. लीडने त्या बाजूचा पाय बाहेर काढून मागच्याला खूण करावी.

माणगावात नाश्ता आणि चेनची तपासणी. म्हसळ्यानंतरचा रस्ता अरुंद, पण रमणीय; इथे कुणाला ओव्हरटेकचा मोह झाला तर स्वीपने आवरावं.

किनाऱ्यावर गाडी वाळूत नेऊ नका. साइड स्टँड रुततो, खारं पाणी चेन आणि बेअरिंग खातं. सुरूच्या बनाआधीच गाडी लावा, स्टँडखाली चपटा दगड ठेवा.

एका दिवसात जाऊन-येऊन 320 किलोमीटर नवख्याच्या मनगटाला झेपत नाहीत, मुक्काम कराच. दुसऱ्या दिवशी नऊपर्यंत निघालात तर घाट चढून मुळशीपर्यंत उजेडातच पोहोचता.